‘खरंच तर आहे’ ही सबब चालत नाही: इस्लाममध्ये जिभेची राखण

पाठीमागे बोलणाऱ्याला कुणी टोकलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘मी काय खोटं बोलतोय का? आहे तेच सांगतोय.’ जिभेविषयीची इस्लामची शिकवण समजून घ्यायची तर सुरुवात या उत्तरापासूनच करावी लागते. कारण या शिकवणीत ते उत्तर बोलणाऱ्याला सोडवत नाही, उलट त्याच्यावरचा आरोप सिद्ध करतं.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना विचारलं, ‘गीबत म्हणजे काय, ठाऊक आहे?’ ते म्हणाले, ‘अल्लाह आणि त्याचे प्रेषितच अधिक जाणतात.’ प्रेषित म्हणाले, ‘आपल्या भावाविषयी त्याला आवडणार नाही असं बोलणं.’ कुणीतरी विचारलं, ‘मी म्हणतो ते त्याच्यात खरोखरच असेल तर?’ उत्तर आलं, ‘असेल तर तू त्याची गीबत केलीस आणि नसेल तर त्याच्यावर बोहतान (खोटा आळ) रचलंस.’

म्हणजे बोलणं खरं निघालं तर गीबत आणि खोटं निघालं तर आळ. निर्दोष सुटायची तिसरी वाट या व्याख्येत ठेवलेलीच नाही. ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो इथे बसला असता तर त्याला हे लागलं असतं का, एवढंच पाहायचं.

गीबतीत काय काय येतं

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच. उलेमांनी (धर्माच्या जाणकारांनी) यात माणसाचं शरीर, घराणं, कपडे, घर, स्वभाव, कामातला ढिसाळपणा, इतकंच काय त्याच्या नमाजमधल्या उणिवाही धरल्या आहेत. बोलायलाच हवं असंही नाही. लंगडणाऱ्याची नक्कल, भुवई उडवणं, डोळा मारणं, लिहून पाठवणं, सगळं त्यातच. एकदा हजरत आयेशा (रजि.) हजरत सफिया (रजि.) यांच्या ठेंगणेपणाविषयी काही बोलल्या. प्रेषित म्हणाले, ‘तू असा शब्द बोललीस, की तो समुद्राच्या पाण्यात मिसळला तर समुद्रही बिघडेल.’ ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. लक्षात घ्या, सफिया ठेंगण्या नव्हत्या असं कुणी म्हटलेलं नाही. शब्द खराच होता.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी जिभेच्या वीस आपत्ती मोजल्या आहेत आणि गीबतीपाशी ते बराच वेळ थांबतात. त्यांना सर्वांत वाईट वाटते ती धार्मिक माणसांची गीबत, जी दुआच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, आडून होते. ‘बिचारा, चांगला माणूस होता, पण आपल्यासारखाच मोहात सापडला. अल्लाह त्याला सांभाळो.’ वरवर ही दुआ आहे, स्वतःलाही कमी लेखलंय. पण ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळलं, शिवाय बोलणाऱ्याच्या सज्जनपणाची जाहिरात झाली ती वेगळीच. खरोखर कळवळा असेल तर दुआ एकांतात करता येते. चारचौघांत ती बोलून दाखवायची गरज का पडली, हे स्वतःला विचारायला हवं.

नाव न घेता केलेली गीबत चालते का? माणूस ओळखू येत असेल तर नाही. ‘आपल्यातलेच एक, परवा इथे येऊन गेले ते’ असं म्हटल्यावर नाव लपवण्याला काही अर्थ उरत नाही. माणूस मुळीच ओळखू येत नसेल तर ती गीबत होत नाही. एखाद्याची चूक कानावर आली की प्रेषित त्याचं नाव घेत नसत. ‘लोकांना काय झालंय, असं असं का करतात?’ असं म्हणून ते चुकीकडे सगळ्यांचं लक्ष वेधत. सुधारणा करायची असेल तर ही पद्धत आजही तशीच वापरता येते.

नमाज-रोजांनी याची भरपाई का होत नाही

या विषयाचा गाभा इथे आहे. इस्लाममध्ये काही हक्क अल्लाहचे असतात, काही माणसांचे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा (पश्चात्ताप करून माफी मागणं) थेट अल्लाहकडे. माणसाची अब्रू हा मात्र त्या माणसाचा हक्क आहे, पैशासारखाच. तो हिरावला तर हिशेब त्याच्याशी चुकता करावा लागतो.

प्रेषितांनी सोबत्यांना विचारलं होतं, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो. प्रेषित म्हणाले, माझ्या उम्मतमधला (अनुयायांमधला) दिवाळखोर तो, जो कयामतच्या (अंतिम निवाड्याच्या) दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाचं रक्त सांडलेलं असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्यं त्या सगळ्यांना वाटली जातील आणि देणं फिटण्याआधीच ती संपली तर त्यांची पापं याच्या डोक्यावर येतील. हीही सहीह मुस्लिममधलीच हदीस. या यादीत शिवी आणि आळ हे खून आणि मारहाणीच्या रांगेत ठेवलेत, हे विसरता कामा नये.

एका बाईविषयी प्रेषितांना सांगण्यात आलं, की ती रात्री नमाज पढते, दिवसा रोजे ठेवते, दानधर्म करते, पण जिभेने शेजाऱ्यांना त्रास देते. ते म्हणाले, ‘तिच्यात काही भलं नाही, ती आगीत जाणाऱ्यांपैकी आहे.’ हजरत मुआज (रजि.) यांना धर्माची मोठमोठी कामं सांगून झाल्यावर प्रेषितांनी स्वतःची जीभ धरून म्हटलं, ‘हिला आवर.’ मुआजना नवल वाटलं, बोलण्यासाठीही पकड होईल? उत्तर मिळालं, की लोकांना तोंडघशी आगीत पाडणारं दुसरं आहेच काय, त्यांच्या जिभांनी कापलेल्या पिकाशिवाय.

कुरआनच्या सूरह (अध्याय) हुजुरात (४९) मधली ११ आणि १२ ही दोन वचनं तर या विषयाचा जणू कायदाच आहेत. चेष्टा करू नका, टोमणे मारू नका, वाईट टोपणनावं ठेवू नका, फार संशय घेऊ नका, पाळत ठेवू नका, गीबत करू नका. क्रम पाहा. संशय आधी येतो, मग माणूस खात्री करायला पाळत ठेवतो आणि जे हाती लागतं ते चारचौघांत सांगतो. म्हणून रोखायचं ते संशयाच्या पायरीवर. त्यानंतरचा प्रश्न वाचून अंगावर काटा येतो: ‘तुमच्यापैकी कुणाला मेलेल्या भावाचं मांस खायला आवडेल का?’ मेलेला माणूस लचका तोडणाऱ्याला अडवू शकत नाही. गैरहजर माणूसही स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

चुगली: इकडचं तिकडे

गीबतीत माणूस दुसऱ्याचा दोष सांगतो. चुगलीत तो दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्यापर्यंत पोचवतो आणि दोघांचं बिनसतं. ‘तो तुझ्याविषयी काय म्हणाला माहीत आहे का?’ हे वाक्य म्हणजे चुगलीचा दरवाजा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, की चुगलखोर स्वर्गात जाणार नाही. दोन कबरींजवळून जाताना प्रेषितांनी सांगितलं होतं, की या दोघांना अजाब (शिक्षा) होतोय, त्यातला एक चुगल्या करत फिरायचा.

आपल्याकडे कुणी चुगली घेऊन आलं तर काय करायचं, याची गझालींनी सहा कामं सांगितली आहेत. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याला थांबवावं. त्याच्या या कृत्याचा मनापासून तिटकारा करावा. गैरहजर माणसाविषयी मन कलुषित होऊ देऊ नये. खरंखोटं पाहायला चौकशी करत सुटू नये. आणि ‘अमका माझ्याकडे येऊन असं सांगत होता’ असं स्वतः पुढे सांगू नये. शेवटचं काम सगळ्यांत अवघड, कारण चुगलीची तक्रार करताना आपण तीच चुगली पुढे नेतोय हे ध्यानातच येत नाही.

खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांच्याविषयी सांगतात, की कुणी त्यांच्याकडे असं काही घेऊन आलं तेव्हा ते म्हणाले, ‘हवं तर आपण चौकशी करू. खोटा ठरलास तर बातमी आणणाऱ्या फासिकाविषयीचं (दुराचाऱ्याविषयीचं) कुरआनचं वचन तुला लागू, खरा ठरलास तर चुगल्या करत हिंडणाऱ्याविषयीचं वचन तुला लागू. की माफ करून सोडून देऊ?’ तो माणूस म्हणाला, ‘माफच करा, पुन्हा असं करणार नाही.’

तोहमत आणि चार साक्षीदार

तोहमत, म्हणजे चारित्र्यावरचा आळ, हा बोलण्यातला सर्वांत जड गुन्हा. सूरह नूर (२४) च्या चौथ्या वचनात म्हटलंय, की शीलवान स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत तर त्याला ऐंशी फटके आणि यापुढे त्याची साक्ष कधीही मानायची नाही. शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम, कुणी स्वतःच्या हाती घ्यायचं नाही. पाप मात्र जिथे बोललं तिथेच लागू होतं.

या सूरहमागे हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर घेतलेल्या आळाची घटना आहे. मोहिमेवरून परतताना त्या काफिल्याच्या मागे राहिल्या, एका सोबत्याने त्यांना आपल्या उंटावर बसवून आणलं, स्वतः तो चालत आला. एवढ्यावरून दांभिकांनी कुजबुज सुरू केली आणि काही चांगले मुसलमानही त्यात वाहवले. जवळजवळ महिनाभर वही (अल्लाहकडून प्रेषितांना येणारा संदेश) आली नाही. मग आयेशांचं निर्दोषत्व सांगणारी वचनं आली आणि त्यांतच बोलणाऱ्यांची हजेरी घेतली गेली: तुम्ही हे जिभेवर घेत होतात, ज्याचं तुम्हाला ज्ञान नव्हतं ते तोंडाने बोलत होतात आणि तुम्हाला ते क्षुल्लक वाटत होतं, अल्लाहकडे मात्र ते फार मोठं होतं.

या घटनेतल्या दोन व्यक्तींचं वागणं धडा म्हणून पुरेसं आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) या आयेशांच्या सवत, मानाने त्यांच्या तोडीच्या. प्रेषितांनी त्यांना आयेशांविषयी विचारलं. सवतीला खाली पाडायची इतकी सोपी संधी दुसरी नव्हती, शिवाय त्यांची सख्खी बहीण हमना त्या कुजबुजीत सामील होती. जैनब म्हणाल्या, ‘मी माझे कान आणि डोळे जपते. मला तिच्याविषयी भल्याशिवाय काही माहीत नाही.’ दुसरे हजरत अबू बकर (रजि.), आयेशांचे वडील. ज्या गरीब नातलगाचा, मिस्तहचा, ते खर्च चालवत तोच मुलीवर आळ घेणाऱ्यांत निघाला. त्यांनी मदत बंद करायची शपथ घेतली. तेव्हा वचन आलं, की त्यांनी माफ करावं, ‘अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का?’ अबू बकर यांनी मदत पुन्हा सुरू केली.

कधी बोलावंच लागतं

जिभेची राखण म्हणजे तोंड शिवून बसणं असं समजणारे दुसऱ्या टोकाला जातात. अन्याय करणाऱ्याला हे फारच सोयीचं पडतं. ‘गीबत होईल’ असं सांगून पीडिताला गप्प बसवणं हा या शिकवणीचा सरळसरळ गैरवापर आहे. कुरआनमध्येच (४:१४८) म्हटलंय, की वाईट गोष्ट उघडपणे बोलणं अल्लाहला आवडत नाही, मात्र ज्याच्यावर अन्याय झालाय त्याची गोष्ट वेगळी.

इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी अशा सहा जागा मोजून दिल्या आहेत. अन्यायाविरुद्ध न्यायाधीश किंवा अधिकाऱ्याकडे दाद मागणं. चुकीचं काम थांबवू शकेल अशा माणसाला ते कळवणं. धार्मिक निर्णय विचारताना प्रसंग सांगणं. लोकांना नुकसानीपासून सावध करणं. जो उघडपणे पाप करतो त्याच्या त्या पापाविषयी बोलणं. आणि ओळख पटवण्यासाठी रूढ नाव घेणं, जसं हदीस सांगणाऱ्यांत ‘लंगडा’ (आरज) हेच काहींचं प्रसिद्ध नाव होतं.

परवानगी गरजेपुरतीच आहे आणि घसरायला होतं ते नेमकं इथेच. हजरत हिंद (रजि.) यांनी प्रेषितांकडे येऊन सांगितलं, की पती अबू सुफियान कंजूस आहेत, मला आणि मुलांना पुरेल इतकं देत नाहीत, मी न सांगता घेतलं तर चालेल का? प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही. रीतीप्रमाणे पुरेल तेवढं घे, असं सांगितलं. पण ही तक्रार निर्णय देऊ शकणाऱ्यापुढे होती. तीच गोष्ट दहा मैत्रिणींना सांगितली तर ती फतवा विचारणं राहत नाही.

सोयरिकीच्या चौकशीचंही तसंच. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोन मागण्या आल्या आणि त्यांनी प्रेषितांचा सल्ला घेतला. प्रेषितांनी सांगितलं, अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही (म्हणजे मारहाण करतो), मुआविया गरीब आहे, त्याच्याकडे पैसा नाही, तू उसामाशी लग्न कर. प्रत्येकाविषयी एकच वाक्य आणि तेही संसाराशी थेट संबंध असलेलं. लग्न, भागीदारी, नोकरी किंवा भाडेकरूविषयी कुणी विचारलं तर हाच मापदंड लावावा. ‘हे स्थळ नको’ एवढ्याने काम भागत असेल तर पुढे बोलू नये. भागत नसेल तर व्यवहाराशी संबंध असलेला दोष सांगावा, बाकीचे झाकावेत. पण माहीत असलेला धोका लपवून गप्प राहणं ही सल्ला मागणाऱ्याची फसवणूक ठरते. उघड पाप करणाऱ्याबाबतही मर्यादा आहे: जे तो उघड करतो तेवढंच, त्याची झाकलेली बाजू नाही.

खोटं बोलण्यालाही मोजके अपवाद आहेत. भांडणाऱ्यांत समेट घडवताना इकडून तिकडे चांगलं बोलणारा खोटारडा ठरत नाही. त्याशिवाय युद्ध आणि पती-पत्नींमधलं मन राखणारं बोलणं यांत सवलत आहे. जोडीदाराचा हक्क बुडवायला ती वापरता येत नाही. हसवण्यासाठी खोटं रचणाऱ्याविषयी मात्र हदीसमध्ये कडक इशारा आहे. मुलाला ‘ये, तुला काहीतरी देते’ असं बोलावणाऱ्या आईला प्रेषितांनी विचारलं, काय देणार होतीस? खजूर, ती म्हणाली. ते म्हणाले, काही दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं.

ऐकणाऱ्याचा वाटा आणि फोन

गीबतीला दोन माणसं लागतात. ‘काय सांगतोस! मला तर वाटलंच नव्हतं’ हे नवल बोलणाऱ्याला आणखी जोर देतं, म्हणून गझालींनी असं ऐकणंही गीबतीतच धरलं. करायचं ते असं: विषय बदलावा किंवा त्या माणसाची एक खरी चांगली गोष्ट मधेच सांगावी. तेवढ्याने थांबलं नाही तर स्पष्ट म्हणावं, ‘ते इथे नाहीत, हे राहू द्या.’ तेही जमलं नाही तर उठावं. उठता येणं शक्यच नसेल, समोर मोठी माणसं असतील, तर निदान मान डोलावू नये, मनातून नापसंती असावी. गैरहजर भावाच्या अब्रूची बाजू घेणाऱ्याच्या चेहऱ्यापासून अल्लाह कयामतच्या दिवशी आग दूर ठेवील, असं तिरमिजीतली हदीस सांगते.

फोनवर हे सगळे नियम जसेच्या तसे लागू होतात. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ या सबबीला उत्तर सहीह मुस्लिममध्ये आहे: ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं, एवढंच माणूस खोटारडा ठरायला पुरेसं आहे. खाजगी बोलण्याचा स्क्रीनशॉट ही तर अमानतीत खयानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीचा विश्वासघात. माणूस बोलताना आजूबाजूला पाहून बोलला तरी ते बोलणं अमानत होतं, असं हदीस म्हणते. इथे तर त्याने ते फक्त तुम्हालाच लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांना शिव्या देणारे संदेशही यातच येतात. त्याला कुरआनने (६:१०८) साफ मनाई केली आहे.

रोजात गीबत केली तर रोजा तुटतो का, हा प्रश्न नेहमी येतो. बहुसंख्य फकीहांच्या (धर्मकायद्याच्या जाणकारांच्या) मते तुटत नाही, पुन्हा ठेवावा लागत नाही, पण त्याचं पुण्य हातचं जातं. खोटं बोलणं आणि तसं वागणं जो सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही, हे बुखारीतलं वचन आहे. रोजात कुणी भांडायला आलं, शिवी दिली, तर ‘मी रोजेदार आहे’ एवढंच म्हणायला सांगितलंय.

होऊन गेलं असेल तर

तौबेच्या तीन अटी सगळ्यांना माहीत असतात: ते काम लगेच थांबवणं, मनापासून पस्तावा, पुन्हा न करण्याचा निश्चय. जिभेच्या पापात चौथी अट येते, ज्याची अब्रू गेली त्याचा हक्क परत करणं. दिनार-दिरहम चालणार नाहीत असा दिवस येण्याआधी ते मोकळं करून घ्या, असं प्रेषितांनी बजावलंय.

बोललेलं त्याच्या कानावर गेलं असेल तर त्याच्याकडे जाऊन माफी मागावी लागते. गेलं नसेल तर उलेमांत दोन मतं आहेत. काहींच्या मते तरीही सांगून माफी घ्यावी. इब्न तैमिया आणि इतर अनेकांच्या मते सांगू नये, कारण त्याला नव्याने दुखवणं आणि वैर पेरणं हे आधीच्यापेक्षा मोठं नुकसान. त्याऐवजी त्याच्यासाठी दुआ करावी आणि ज्या बैठकीत त्याला वाईट म्हटलं त्याच बैठकीत, त्याच माणसांपुढे त्याचं चांगलं सांगावं. सांगितल्याने भांडण पेटेल अशी शक्यता असेल तिथे हे दुसरं मत जास्त सावध वाटतं. आळ घेतला असेल तर मात्र नुसती स्तुती पुरत नाही. ‘मी म्हणालो ते खोटं होतं’ हे ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापुढेच बोलावं लागतं. ग्रुपवर लिहिलं असेल तर मजकूर काढून टाकून दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाकायची, एकट्या ॲडमिनला खाजगीत कळवून भागत नाही. आणि तो माणूस हयात नसेल, तर त्याच्यासाठी मगफिरतची (अल्लाहने त्याला माफ करावं अशी) दुआ करत राहायचं आणि जिथे त्याचं नाव खराब केलं तिथे ते सावरायचं.